शंभर उणे एक : मराठी मंडळ्यांना खुले पत्र

मराठी मंडळ्यांचे पाळक, पंच आणि संडे स्कूलचे अधीक्षक यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

गेली २२ वर्षं मी संडे स्कूलमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते. चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची मुलं एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसतात. मनात बरेच दिवस घोळत असलेलं आज लिहायला बसले, त्याला कारण एक शब्द झाला. तो आधी सांगते.

वर्गात तेविसावं स्तोत्र चालू होतं. चाल साधी, चार-पाच सुरांतली. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ मुलं डोलत, हात हलवत, खणखणीत आवाजात म्हणत होती. मी गाता गाता रांगेजवळ वाकले तेव्हा पुढे बसलेली एक चार वर्षांची मुलगी म्हणत होती, ‘मला काही ऊन पडणार नाही.’ तिच्या शेजारचा मुलगाही तसंच म्हणत होता. कडवं संपल्यावर मी तिला विचारलं, ‘ऊन का गं नाही पडणार?’ ती म्हणाली, ‘मेंढपाळाकडे घोंगडी असते ना. तो धरतो.’

शब्द चुकला होता, पण मेंढपाळ तिला बरोबर कळला होता. मग मी मोठ्या मुलांकडे वळले. ‘उणे म्हणजे काय?’ तिसरीतला एक जण लगेच म्हणाला, ‘वजा. ती आडवी रेघ असते ती.’ म्हणजे कित्येक महिने माझा वर्ग हे वचन सुरात म्हणत होता, पाठ आहे म्हणून मी वहीत खूणही केली होती, आणि अर्ध्या मुलांच्या मनात ऊन होतं, अर्ध्यांच्या मनात वजाबाकी.

पुढच्या रविवारी मी परातीत चिंचोके आणले. मोजून शंभर, पण त्यातला एक माझ्या मुठीत. मुलांनी दहादहाचे ढीग केले. शेवटच्या ढिगात नऊच भरले. पुन्हा मोजले, नऊच. मग शोधाशोध सुरू झाली. सतरंजी उचलली, पेटीच्या मागे पाहिलं, एकमेकांचे खिसे तपासले. मोठी मुलं दोन-तीन मिनिटांत कंटाळली, ‘एकच तर आहे, जाऊ द्या ना बाई,’ म्हणाली. त्यावर ती चार वर्षांची मुलगी रडकुंडीला आली. ‘पण तो एकटा आहे ना!’ मी मूठ उघडली. आणि मग लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचला, शंभरातलं एक हरवलं म्हणून नव्याण्णव सोडून त्याला शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाचा. वाचून झाल्यावर विचारलं, ‘शंभर उणे एक किती?’ ‘नव्याण्णव!’ ‘मेंढपाळाला चालतील?’ ‘नाही!’ त्यानंतर आम्ही तेच स्तोत्र पुन्हा गायलो. या वेळी ‘उणे’ हा शब्द सगळ्यांनी इतका ठासून म्हटला की, बाहेर उभ्या असलेल्या पालकांनी दारातून डोकावून पाहिलं.

त्या रविवारी एवढंच झालं. एक वचन, एक दाखला, एक परात. रंगवायचे कागद वाटले नाहीत, दुसरं गाणं घेतलं नाही. तास पुरला नाही.

बंधुभगिनींनो, माझं म्हणणं या तासाबद्दल आहे. आपल्या बहुतेक मंडळ्यांत मुलांचा तास म्हणजे मोठ्यांची उपासना शांतपणे व्हावी म्हणून केलेली सोय झाली आहे. ‘मुलांना जरा घेऊन बसा,’ असं शिक्षिकेला सांगितलं जातं. खोली मिळते ती जादा खुर्च्या रचून ठेवलेली. या आठवड्यात एक शिक्षिका, पुढच्या आठवड्यात दुसरी, आणि काय शिकवायचं हे शनिवारी रात्री फोनवर ठरतं. मग वेळ भरायला गाणी लागतात, आणि हात गुंतवायला कागद व रंग लागतात. गाणं आणि कृती ही दोन्ही साधनं मला प्राणप्रिय आहेत, म्हणून ती अशी वेळ मारून नेण्यासाठी वापरलेली पाहून जीव तुटतो. वचन मुलाच्या तोंडी बसवायला गाणं आहे, आणि त्या वचनाचा अर्थ मुलाच्या हाताला कळावा म्हणून कृती आहे. जिथे वचनच नाही तिथे दोन्ही मोकळ्या डब्यासारखी वाजतात.

गाण्यातून आणि कृतीतून वचन शिकवण्याची ही पद्धत पाश्चात्त्य आहे, अलीकडची आहे, मुलांना लाडावून ठेवणारी आहे, असं आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांना वाटतं. त्यांना मी नम्रपणे पवित्र शास्त्रच उघडायला सांगेन. ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात मोशेचा शेवट जवळ आला आहे. नियमशास्त्र लिहून झालं आहे, ते कोशाजवळ, म्हणजे देवाच्या कराराच्या पवित्र पेटीजवळ, ठेवायचं आहे. तरी देव मोशेला आणखी एक काम सांगतो : एक गीत लिही, ते इस्राएल लोकांना शिकव, त्यांच्या तोंडी बसव. कारणही तिथेच दिलं आहे. पुढच्या पिढ्या सगळं विसरतील, पण हे गीत त्यांच्या संततीच्या तोंडून विसरलं जाणार नाही. ग्रंथ कोशाजवळ राहतो, गीत मुलांच्या तोंडात राहतं, आणि देवाला दोन्ही हवं आहे.

स्तोत्रांचंच पाहा. १३६ व्या स्तोत्रात २६ ओव्या, म्हणजे वचनं, आहेत आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी एकच पालुपद येतं, ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ एकाने पुढचा भाग म्हणायचा, सगळ्यांनी पालुपद म्हणायचं. ज्या मुलाला वाचता येत नाही तोही पहिल्या दोन ओव्यांनंतर उपासनेत सामील होतो. माझ्या वर्गात मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून तांबड्या समुद्रापर्यंतची गोष्ट याच स्तोत्रावरून सांगते. मी ओवी म्हणते, मुलं पालुपद म्हणतात. २६ वेळा म्हणून झाल्यावर ‘सनातन’ या शब्दाचा अर्थ सांगायला फारसं काही उरत नाही. ११९ वं स्तोत्र तर इब्री मुळाक्षरांवर रचलेलं आहे. २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराच्या आठ ओळी, एकूण १७६. पाठ करणाऱ्याला पुढची ओळ आठवावी म्हणून केलेली ही मदत आहे, असं मला ते शिकवताना नेहमी वाटतं. आपण मुलांना क, ख, ग वरून वचनं शिकवतो तेव्हा काही नवं करत नसतो.

आणि कृती? यहोशवाच्या चौथ्या अध्यायात लोक यार्देन ओलांडतात तेव्हा नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला सांगितलं आहे. कशासाठी? पुढे तुमची मुलं विचारतील की, हे धोंडे कशाचे, तेव्हा सांगता यावं म्हणून. मिसर देशातल्या सुटकेची आठवण म्हणून पाळायच्या वल्हांडण सणाचंही तसंच. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात मुलं विचारतील हे गृहीत धरलेलं आहे. आधी काहीतरी डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल असं करायचं, मग मूल विचारतं, मग आपण सांगायचं, असा हा क्रम आहे. आपण मात्र तो उलटा करतो. आधी वीस मिनिटं सांगतो, मुलांनी विचारलं तर गप्प करतो, आणि शेवटी उरलेल्या वेळात चित्र रंगवायला देतो.

प्रभू येशूने मुलांचे खेळही पाहिले होते. बाजारात बसून एकमेकांना हाका मारणारी मुलं, पावा वाजवला तर नाचायचं, आकांत केला तर ऊर बडवायचा, म्हणजे लग्नाचा आणि अंत्यविधीचा खेळ खेळणारी मुलं मत्तयाच्या अकराव्या अध्यायात आहेत. कोणीतरी थांबून, लक्ष देऊन पाहिल्याशिवाय हा तपशील कुठून येणार? त्याच मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात मंदिरात मुलं ‘होसान्ना’ म्हणून गर्जत होती आणि मुख्य याजक व शास्त्री यांना त्याचा संताप आला. प्रभूने मुलांना गप्प केलं नाही, याजकांना स्तोत्रातली ओळ आठवून दिली. मुलांच्या वर्गाचा आवाज उपदेशाच्या वेळी आत येतो म्हणून दार लावून घ्यायला सांगणाऱ्या पंचांनी तो भाग एकदा पुन्हा वाचावा, ही कळकळीची विनंती.

आता गाण्यांबद्दल जरा विस्ताराने बोलते, कारण दुखणं तिथे आहे.

जक्कयाचं गाणं कुठल्या संडे स्कूलमध्ये होत नाही? लोकांकडून कर वसूल करणारा ठेंगणा जक्कय, येशूला पाहायला जमलेली मोठी गर्दी, उंबराचं झाड, सरसर वर चढला. मुलांना हे फार आवडतं. स्वतः ठेंगणी असतात, मोठ्यांच्या गर्दीत त्यांनाही काही दिसत नाही. चढण्याचे हावभाव करताना तर धमाल येते. पण मी ऐकलेली या गोष्टीवरची बहुतेक बालगीतं प्रभू ‘खाली ये’ म्हणतो आणि त्याच्या घरी जातो, तिथे संपतात. लूकमधली गोष्ट तिथे संपत नाही. घरी गेल्यावर जक्कय उभा राहतो आणि म्हणतो की, मी अर्धं द्रव्य गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. गाभा हाच आहे, आणि गाण्यात हाच गाळलेला असतो. वर्षानुवर्षं आपली मुलं जक्कयाला झाडावर चढवतात आणि खाली उतरवतात, पण चौपट परत केल्याचं त्यांना ठाऊकच नसतं.

म्हणून मी त्या गाण्याला चार ओळी जोडल्या, आणि कृती झाडाची न ठेवता पैशांची ठेवली. पुठ्ठ्याची गोल नाणी केली. प्रत्येकाने शेजाऱ्याचं एक नाणं घ्यायचं आणि गाण्याच्या शेवटी चार परत द्यायची. एका मुलाकडे चार नाणीच नव्हती, तीनच होती. तो अस्वस्थ झाला. म्हणाला, ‘बाई, मी एक घेतलं, चार कुठून देऊ?’ मी काही बोलले नाही. दुसऱ्या एका मुलीने आपलं एक नाणं त्याच्यापुढे सरकवलं. त्यावर पुढचे दोन रविवार आमचं बोलणं चाललं होतं : घेतलेलं परत करताना आपल्याला काही सोडावं लागतं का, आणि ते सोडताना जक्कय आनंदात होता का. सात-आठ वर्षांची मुलं यावर किती गंभीरपणे बोलतात हे पाहायला एकदा या.

तेविसाव्या स्तोत्रातही अशी एक जागा आहे जी नुसतं पाठ करताना हातातून निसटते. पहिल्या तीन ओव्यांत स्तोत्रकर्ता दावीद देवाबद्दल बोलतो. तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. चौथी ओवी येते, मृत्युच्छायेची दरी लागते, आणि तिथे दावीद देवाशीच बोलू लागतो, ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ ‘तो’चा ‘तू’ होतो. हे मुलांना सांगून कळत नाही. आम्ही दोन बाकांवर चादरी टाकून अंधारा बोगदा केला. पहिल्या तीन ओव्या उजेडात, मोकळ्या जागेत फिरत गायच्या, चौथी बोगद्यात, एकमेकांचा हात घट्ट धरून. बोगद्यात ‘तू’ हा शब्द आपोआप मोठ्याने येतो. कोणी शिकवावं लागत नाही. आता माझ्या वर्गातल्या मुलांना चौथ्या ओवीपाशी आवाज बदलायची सवय लागली आहे, आणि हात शेजाऱ्याकडे जातो. हावभाव म्हणतात ते हे. प्रत्येक गाण्याला एकच टाळी आणि एकच उडी लावली की मुलं दमतात, त्यांना अर्थ काही मिळत नाही.

भाषेचा प्रश्न तर माझ्या फार जिव्हाळ्याचा. इंग्रजी गाण्यांची मराठी रूपांतरं आपण मुलांना देतो, तेव्हा चाल तीच राहते आणि मराठी शब्द तिच्यात कोंबले जातात. जिथे मराठीत ऱ्हस्व आहे तिथे सूर लांबतो, जिथे दीर्घ आहे तिथे तोडला जातो. मूल ते म्हणतं, पण त्याच्या कानाला ती आपली बोली वाटत नाही. खरं तर मराठीत ख्रिस्ताची कथा गाण्याची परंपरा चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या, जुन्या आणि नव्या कराराची कथा, आणि छंद कोणता, तर आपली ओवी. लोकांच्या कानाला आधीपासून सवय होती त्याच लयीत त्यांनी वचन बसवलं, म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं गेलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन मंडळीत रुजवलं. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले, आणि या मधल्या वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या आवाजात गायला दिलं. त्याच टिळकांना मराठी वाचक फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो. मुलांसाठी साधं, गोड आणि तरी पोकळ नसलेलं मराठी कसं लिहावं याचा धडा आपल्या घरातच आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करण्यात घालवली, ती अशासाठी की साध्या, कमी शिकलेल्या बायकांनाही ते समजावं. ज्या मंडळीला असे पूर्वज लाभले, तिच्या मुलांनी उसन्या चालीत तोंड वाकडं करून का गावं?

मुलं जी मराठी घरात ऐकतात, तिची स्वतःची ठेका धरणारी लय असते. बडबडगीताची, जात्यावरच्या ओवीची, पाळण्याची, फुगडीची. तेविसावं स्तोत्र पाळण्याच्या चालीत फार सुंदर बसतं. शंभरावं स्तोत्र फुगडीच्या ठेक्यात म्हणून पाहा. मला संगीताचं शिक्षण नाही. तरी जे जमलं ते इतकंच की वचनाचा मजकूर बदलायचा नाही, चाल त्याच्यामागे चालवायची. शब्द लांब असेल तर सूर थांबेल, शब्द पळत असेल तर सूर पळेल. आणि मंडळीत उपासनेच्या वेळी जे भाषांतर वाचलं जातं तेच मुलांना द्यायचं, म्हणजे व्यासपीठावरून तो भाग वाचला जाईल तेव्हा मुलाला ओळख पटेल. एकदा उपासनेत तेविसावं स्तोत्र वाचलं जात होतं आणि मधल्या रांगेतून एक बारीक आवाज वाचणाऱ्याच्या बरोबरीने गुणगुणत होता. आईने त्याचं तोंड दाबलं. मला त्या आईला सांगावंसं वाटलं, नका हो, गाऊ द्या.

पट्टीबद्दल एक गोष्ट. पुरुष शिक्षक स्वतःच्या गळ्याला सोयीचा षड्ज धरतात आणि लहान मुलं खर्जात घोगरत राहतात. मुलांचा आवाज उंच असतो आणि त्याचा आवाका लहान, पाच-सहा सुरांचा. त्यांच्या पट्टीत आपण जायचं. मोबाइलवरच्या तयार साथीने तर आणखी घोटाळा होतो. ती भराभर पुढे जाते, चार वर्षांच्या मुलाची जीभ ‘मृत्युच्छायेच्या’ म्हणेपर्यंत साथ पुढच्या कडव्यात पोचलेली असते. पेटी नसली तरी चालेल. टाळ्या आणि शिक्षिकेचा गळा पुरतो.

आता जे लिहिते आहे ते लिहिताना हात जड होतो. शास्त्रपाठांतराच्या स्पर्धांबद्दल आहे.

आठ वर्षांचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. बोलताना अडखळायचा, विशेषतः ‘प’ वर. आणि आपल्या स्तोत्रांत ‘परमेश्वर’ किती वेळा येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पण गाताना तो अडत नसे. अडखळत बोलणारी अनेक माणसं गाताना मोकळी गातात, हे पुष्कळांनी पाहिलेलं आहे. वर्गात तो सगळ्यात पुढे असायचा, तेविसावं आणि शंभरावं ही दोन्ही स्तोत्रं त्याला अथपासून इतिपर्यंत येत होती. मंडळ्यांच्या एका एकत्र स्पर्धेत मी त्याचं नाव दिलं. गाऊन म्हणू द्यावं अशी विनंती केली. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. तो उभा राहिला. पहिलंच अक्षर ‘प’. खाली बसलेली मुलं हसली. वेळ संपली आणि घंटा वाजली. त्याच्या तोंडून तो शब्द निघालाच नव्हता. त्यानंतर चार महिने तो वर्गात आला नाही. कुठली मंडळी, कुठली स्पर्धा ते मी सांगणार नाही, सांगून उपयोगही नाही. नियम करणारे वाईट नव्हते. वचन मुलांना मिळावं म्हणूनच त्यांनी स्पर्धा ठेवली होती. पण ज्या मुलाकडे वचन होतं, त्याच्याच हातून ते आपण काढून घेतलं. आणि त्याचं नाव दिलं ते मीच, हे मला विसरता येत नाही.

स्पर्धा पूर्ण बंद करा असं म्हणायला मी धजत नाही, मुलांना त्यात आनंदही मिळतो. पण निदान लहान गटात नंबर काढू नका. सगळ्यांनी मिळून एक स्तोत्र मंडळीसमोर गावं, ज्याला जेवढं येतं तेवढं. पालुपद येत असेल तर पालुपद.

काय गाऊ नये, याबद्दलही शिक्षकांनी एकत्र बसून विचार करायला हवा. लहान मुलं शब्दाला धरून चालतात. ‘येशू माझ्या हृदयात राहतो’ हे ऐकून एका मुलीने मला विचारलं होतं की, तिथे त्याला धडधड ऐकून झोप लागते का. प्रश्न गोड होता, पण तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. रक्त, नरक, शत्रूचा नाश असल्या शब्दांवर नाचत गाणारी पाच वर्षांची मुलं पाहून मला बरं वाटत नाही. त्या गोष्टी शास्त्रात आहेत आणि त्यांचं वय येईल तेव्हा त्या प्रामाणिकपणे सांगायच्याच आहेत. अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो ती गोष्ट मी दहा वर्षांच्या आतल्या मुलांना गाण्यातून शिकवत नाही. जलप्रलयातून वाचलेल्या, नोहाच्या तारवातल्या प्राण्यांची गाणी आम्ही गातो, पण ‘बाकीचे कुठे गेले?’ असं मुलाने विचारलं तर टाळत नाही. आमच्यातला एक मुलगा गप्प राहून, खूप वेळ पाण्याचाच भाग निळा निळा रंगवत बसला होता. त्याच्याजवळ बसून बोलणं हाच त्या दिवशीचा पाठ झाला.

सुट्टीतल्या वर्गांना शेजारपाजारची, इतर धर्मांची मुलंही येतात. गाणी ऐकून येतात, त्याचा मला आनंद आहे. पण त्यांच्या आईवडिलांना आधी भेटून, आम्ही काय शिकवतो, काय गातो ते मोकळेपणाने सांगून, त्यांचा होकार घेऊनच त्यांना बसवावं. खाऊ किंवा बक्षीस दाखवून कोणाचं मूल आणू नये. प्रभूने ‘बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या’ म्हटलं तेव्हा त्यांना आणणारी बहुधा त्यांची स्वतःची माणसं होती.

मग मंडळीकडे माझं मागणं काय? पहिलं आणि सगळ्यात मोठं मागणं वेळेचं. शिक्षकांना निदान सहा महिने एकच वर्ग द्या, दर आठवड्याला बदलू नका. मूल ओळखायला सहा महिने लागतात. महिन्याला एक वचन आणि एक गोष्ट पुरेशी आहे, बारा महिन्यांत बारा वचनं मुलांच्या अंगात मुरली तर मी देवाचे आभार मानीन. वर्षाला पन्नास पाठ संपवण्याचा आग्रह सोडा. ज्या भावाबहिणींना गळा आहे, चाली सुचतात, त्यांना पाळकांनी बोलावून शास्त्रभाग द्यावेत आणि मुलांसाठी शब्द न बदलता चाली बांधायला सांगावं. गायनमंडळात किती गुणी माणसं आहेत, त्यांना लहान वर्गाकडे कोणी बोलावतच नाही. आजीआजोबांनाही बोलवा. जात्यावरच्या ओव्यांची लय ज्यांच्या कानात अजून आहे अशा आज्या प्रत्येक मंडळीत आहेत.

आणि घरी काय होतं तेही पाहा. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितली आहे, ती घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता. रविवारचा एक तास त्यात कुठेच नाही. रविवारी शिकलेलं गाणं शिक्षिकेने पालकांना म्हणून दाखवावं, त्यांनी ते रात्री निजताना म्हणावं. उपासना संपल्यावर पालक घाईत असतात, चपला शोधत असतात, मला ठाऊक आहे. पण पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून एकदा सांगितलं तर थांबतील.

तो अडखळणारा मुलगा पुन्हा यायला लागला आहे. अजून पुढे बसत नाही, पेटीजवळ भिंतीला टेकून बसतो. गेल्या रविवारी बोगद्याच्या वेळी लहान मुलांना आत न्यायला मी त्याला सांगितलं. अंधारात चौथ्या ओवीपाशी सगळ्यात आधी त्याचाच आवाज आला.

पाळकसाहेब, पंचमंडळींनो, पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा हरवलेलं मेंढरू घेणार आहोत. तुमच्यापैकी एकाने तरी उपदेशाआधी पंधरा मिनिटं आमच्या खोलीत यावं. सतरंजीवर बसावं लागेल. चिंचोके मोजायचे आहेत, आणि या वेळी तो एक तुमच्या मुठीत ठेवणार आहे.

आपली,
संडे स्कूलची एक शिक्षिका